संगीताचार्य भातखंडे

इ. स. १८८० च्या सुमारास मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊ इच्छिणाऱ्या तरुणापुढे फार वाटा नव्हत्या. इंग्रजी, संस्कृत, गणित, इतिहास, तर्कशास्त्र असे ठरावीक विषय शिकावेत आणि पुढे वकील, डॉक्टर किंवा इंजिनियर व्हावे, नाहीतर सरकारी नोकरी धरावी, हाच त्या काळचा राजमार्ग होता. पदवीधर मुलाकडे सारे घर आशेने पाहत असे. संगीताला मात्र विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात स्थान नव्हते. गाणे शिकावयाचे तर एखाद्या उस्तादाची वर्षानुवर्षे सेवा करावी लागे आणि गाण्यावर पोट भरणाऱ्या माणसाकडे प्रतिष्ठित समाज साशंक दृष्टीने पाही. मैफलीत मान डोलावणारे गृहस्थसुद्धा आपला मुलगा गवई व्हावा, अशी इच्छा सहसा धरीत नसत.

अशा काळात गाण्याचे वेड घेऊन वाढलेला एक मुलगा मुंबईत शिकत होता. त्याचे नाव विष्णु नारायण भातखंडे. मुंबईतील वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी त्याचा जन्म झाला. वडील एका धनिकाच्या पदरी नोकरीस होते. घर श्रीमंत नव्हते. परंतु घरात संगीताची आवड होती आणि मुलांच्या कानांवर चांगले सूर पडावेत, अशी वडिलांची इच्छा असे. पंधराव्या वर्षानंतर विष्णूने सतारीचे शिक्षण सुरू केले. त्याच वेळी शाळेचा आणि पुढे महाविद्यालयाचा अभ्यासही चालू होता.

आवडीचा विषय विद्यापीठात नाही आणि जो आहे त्यावर मन जडत नाही, अशा पेचात सापडलेली मुले आजही पुष्कळ दिसतात. काही जण आवड गुंडाळून ठेवतात. काही जण सारे सोडून आवडीमागे धावतात. विष्णुपंतांनी यांपैकी काहीच केले नाही. १८८५ साली ते बी. ए. झाले आणि १८८७ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. काही काळ त्यांनी कराचीस वकिली केली, नंतर मुंबईस. पोटाचा प्रश्न त्यांनी कायद्यावर सोपविला आणि गाण्याकडून एका पैचीही अपेक्षा ठेवली नाही. ही निवड कोणाला भित्रेपणाची वाटेल. तथापि, पुढे त्यांनी जे काम केले ते पाहता, गाणे विकून जगावे लागले असते तर ते त्यांच्या हातून घडले असते का, याची शंकाच आहे.

मुंबईतील पारशी मंडळींनी १८७० साली गायन उत्तेजक मंडळी नावाची संस्था स्थापन केली होती. भातखंडे १८८४ साली तिचे सभासद झाले. तेथे नामांकित गवयांचे गाणे ऐकण्यास मिळे आणि शिकण्यासही मिळे. दिवसा अभ्यास किंवा न्यायालय आणि सायंकाळी मंडळीची बैठक, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालला. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी सुमारे तीनशे धृपदे घेतली. अली हुसेन खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल घेतले.

हे सारे शिकत असता वकिलाचे मन स्वस्थ बसेना. एकाच रागाविषयी दोन गवई दोन गोष्टी सांगत. एक म्हणे अमुक स्वर कोमल आहे, दुसरा म्हणे नाही. आधार विचारला तर आमच्या घराण्यात असेच गातात, एवढेच उत्तर मिळे. संस्कृत ग्रंथ उघडावेत तर त्यांतील राग निराळे आणि मैफलीत गायिले जाणारे निराळे. न्यायालयात ज्याप्रमाणे साक्षीदाराची साक्ष कागदपत्रांशी ताडून पाहतात, त्याप्रमाणे गवयांचे गाणे आणि ग्रंथ एकमेकांशी ताडून पाहण्याचे भातखंडे यांनी ठरविले. कायद्याचे शिक्षण येथे कामास आले.

या कामाची गरज का होती, हे समजण्यास दूर जावयास नको. देवणी, उदगीर, निलंगा या भागांतील भजनी मंडळांत पेटीजवळ बसलेला मुलगा बुवांच्या तोंडून ऐकूनच अभंगाची चाल उचलतो. चाल कागदावर नसते, बुवांच्या गळ्यात असते. बुवा गेले आणि कोणी शिकलेले नसेल तर चालही जाते. रागदारीचे तेच होत होते. शिवाय कित्येक उस्ताद आपली विद्या पुत्राखेरीज कोणास देत नसत. ते स्वभावाने कृपण होते असे नव्हे. विद्या हीच त्यांची मिळकत होती. ती सर्वांना वाटली तर उद्या मुलांनी खावे काय, हा त्यांचा प्रश्न खोटा म्हणता येत नाही.

१९०० साली भातखंडे यांची पत्नी वारली आणि १९०३ साली एकुलती एक मुलगीही गेली. घर रिकामे झाले. त्यानंतर त्यांनी आपले आयुष्य संगीतसंशोधनास वाहिले. १९०४ साली ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा, एट्टयापुरम अशी ठिकाणे त्यांनी पाहिली, जुनी हस्तलिखिते उतरवून घेतली आणि पंडितांशी वाद केले. एट्टयापुरम येथे कर्नाटक संगीताचे थोर अभ्यासक सुब्बराम दीक्षित यांची त्यांनी भेट घेतली. दक्षिणेत सर्व राग बहात्तर मेळांत बसविण्याची व्यंकटमखी यांची योजना त्यांच्या दृष्टीस पडली आणि उत्तरेच्या संगीताला अशी शिस्त का नसावी, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला.

पुढील प्रवासात ते नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी असे फिरून हैदराबादेस गेले. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १९०८ साली त्यांनी अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, मथुरा, जयपूर अशी उत्तरेची वाट धरली. जिथे गवई तिथे भातखंडे, असे चालले होते. प्रवासात काय पाहिले, कोण काय म्हणाले, याची टिपणे ते लिहून ठेवीत. कोणाचे ज्ञान पोकळ वाटले तर तेही ते स्पष्ट लिहीत. काही उस्तादांविषयीचे त्यांचे शेरे तर आज वाचताना फारच कडक वाटतात.

शेरे कडक असले तरी शिकताना ते नम्र असत. जयपूरचे महंमद अली खाँ कोठीवाले यांच्या घराण्यातील शेकडो चिजा त्यांनी मिळविल्या. रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांचे त्यांनी शिष्यत्व पत्करले आणि तेथील विख्यात बीनकार वजीर खाँ यांच्याकडील तानसेन-परंपरेची विद्या अभ्यासली. पन्नाशीच्या घरातील पदवीधर वकिलाने पुन्हा शागीर्द व्हावे, हे त्या काळी अपूर्वच होते. याच सुमारास, १९१० च्या आसपास, त्यांनी वकिली सोडली. म्हणजे पदवी घेतल्यापासून वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी दोन्ही गोष्टी सांभाळल्या होत्या.

मिळालेली विद्या त्यांनी पेटीत ठेवली नाही. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ त्यांनी संस्कृतात लिहिला आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा प्रचंड ग्रंथ मराठीत लिहिला. नाव मात्र स्वतःचे घातले नाही. एका ठिकाणी चतुर पंडित आणि दुसऱ्या ठिकाणी विष्णु शर्मा अशी टोपणनावे घेतली. मराठी ग्रंथात शिष्य प्रश्न विचारतो आणि गुरू उत्तर देतो, त्यामुळे कठीण शास्त्रही गप्पांसारखे पुढे सरकते.

सप्तकात सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र असे बारा स्वर मानून, बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी या दहा थाटांत त्यांनी प्रचलित राग बसविले. गाणे कागदावर उतरविण्यासाठी सोपी स्वरलिपी तयार केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब, आणि तालाची सम दाखविण्यास फुली. एवढ्या खुणा ओळखता आल्या की मुलालाही चीज वाचता येऊ लागे. या लिपीत त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिका’ रचली. तिच्या सहा भागांत दीड हजारांहून अधिक चिजा आहेत. रागाचे नियम गीतातच गुंफलेली लक्षणगीतेही त्यांनी स्वतः रचली. गीत पाठ झाले की लक्षणही पाठ होते.

या कामावर टीकाही झाली. मींड आणि आंदोलने कागदावर उतरत नाहीत, असे गवई म्हणत, आणि ते खरेच आहे. काही राग दहा थाटांत नीट बसत नाहीत, असा आक्षेप विद्वान आजही घेतात. पुस्तकावरून कोणी थोर गवई होत नाही, हे भातखंडे यांनाही ठाऊक होते. परंतु हजारो सामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत संगीत पोचावयाचे तर पुस्तक आणि शाळा यांवाचून गत्यंतर नव्हते.

त्याच वेळी दुसरे एक विष्णु याच ध्येयाने झटत होते. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. ते स्वतः थोर गायक. जलशांच्या उत्पन्नावर आणि देणग्यांवर त्यांनी शाळा चालविली, मुंबईस मोठी इमारत बांधली, आणि १९२४ साली ती इमारत कर्जापायी लिलावात गेली. भातखंडे यांनी राजे आणि सरकार यांचा आश्रय शोधला. दोघांच्या वाटा भिन्न होत्या आणि त्यांच्यात मतभेदही होते. पण विद्येला पैशाची जोड कशी मिळावी, हा प्रश्न दोघांपुढेही सारखाच उभा होता.

१९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली भातखंडे यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. नंतर दिल्ली, काशी व लखनौ येथेही परिषदा झाल्या. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी काही गायकांना त्यांच्याकडे मुंबईस शिकण्यास पाठविले आणि १९१८ साली ग्वाल्हेरास माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर १९२६ साली लखनौ येथे मॅरिस संगीत महाविद्यालय स्थापन झाले. वर्ग, वेळापत्रक, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा आणि पगारी शिक्षक, अशी सारी व्यवस्था तेथे होती.

त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर मुंबई विद्यापीठाचे बी. ए. होते. गुरूप्रमाणे त्यांना कायद्याच्या पुस्तकांकडे वळावे लागले नाही. लखनौच्या महाविद्यालयात त्यांना संगीत शिकविण्याचेच काम मिळाले आणि १९२८ साली ते तेथील प्राचार्य झाले. अर्थात अशा जागा त्या काळी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. परंतु गाणे शिकलेल्या तरुणाने आपली नेमणूक प्राचार्य म्हणून घरी कळवावी, ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. पुढे हळूहळू विद्यापीठांतून संगीत हा पदवीचा विषय झाला. लखनौच्या संस्थेला १९६६ साली भातखंडे यांचे नाव देण्यात आले. आज ती विद्यापीठ आहे.

१९३३ साली भातखंडे यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते अंथरुणास खिळले. तीन वर्षे त्यांनी तशीच काढली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईस त्यांचे निधन झाले. क्रमिक मालिकेचे शेवटचे भाग तेव्हा छापून व्हावयाचे होते; ते त्यांच्यामागून प्रसिद्ध झाले.