जोतीरावांचा हौद

अठराव्या शतकात युरोपात विचारांची एक मोठी क्रांती झाली. राजाला सत्ता देवाने दिली आहे, काही माणसे जन्मानेच श्रेष्ठ आणि काही कनिष्ठ असतात, अशा परंपरागत समजुती विचारवंतांनी बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहिल्या. थॉमस पेन हा त्यांपैकीच एक. इंग्लंडमधील एका साध्या कारागिराचा हा मुलगा. त्याने १७९१ व १७९२ साली ‘मानवाचे हक्क’ हा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध केला. सर्व माणसे जन्मतः समान आहेत आणि राज्यसत्तेचा उगम लोकांमध्येच आहे, असे त्याने प्रतिपादिले. सरकारने पेनवर राजद्रोहाचा खटला भरला. पण ग्रंथाचा प्रसार थांबला नाही. सुमारे पंचावन्न वर्षांनी, १८४७ साली, तो ग्रंथ पुण्यातील एका वीस वर्षांच्या तरुणाने वाचला. त्या तरुणाचे नाव जोतीराव गोविंदराव फुले.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. मातेचे छत्र लहानपणीच हरपले. काही लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांना शाळेतून काढून मळ्याच्या कामाला लावले. परंतु मुलाची बुद्धिमत्ता हेरून मुन्शी गफ्फार बेग व लिजिट या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळविले आणि जोतीराव मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले.

१८४८ साली ते एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत गेले असता, खालच्या जातीचा म्हणून त्यांचा अपमान करण्यात आला. त्यांचे अंतःकरण होरपळून निघाले. ग्रंथात तर सर्व माणसे समान होती; मग पुण्याच्या रस्त्यावर ती समान का नव्हती? अज्ञान हेच या दास्याचे मूळ आहे, असे जोतीरावांना दिसून आले. त्याच वर्षी त्यांनी पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली व पत्नी सावित्रीबाईंना शिकवून शिक्षिका केले. सावित्रीबाई शाळेत जाऊ लागल्या, की लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकीत. अखेर समाजाच्या धाकाने गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. पतिपत्नींनी घर सोडले; शाळा मात्र सोडली नाही.

त्या काळी अस्पृश्य मानलेल्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरण्याची मनाई होती. भर उन्हात घागर घेऊन उभे राहावे आणि कोणी दया येऊन वरून पाणी ओतील तेव्हाच तहान भागावी, अशी त्यांची स्थिती होती. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. स्वकीयांचा रोष पत्करावा लागेल, हे त्यांना ठाऊक होते. परंतु समता बोलायची आणि पाणी अडवायचे, हे त्यांच्या बुद्धीला पटणारे नव्हते.

१८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. १८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन सादर केले. निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. १८८८ साली मुंबईच्या जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लेखन चालू ठेवले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बुद्ध व कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना आपले गुरू मानले. १९५६ साली नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेणारे बाबासाहेब हेच भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. १९५० साली अमलात आलेल्या त्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक विहिरी व तलाव यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जातीच्या कारणावरून कोणाही नागरिकाला तेथे पाणी घेण्यास मज्जाव करता येत नाही. एका घरच्या हौदापुरते जे १८६८ साली घडले, ते ब्याऐंशी वर्षांनी साऱ्या देशाचा कायदा झाले.