आरक्षणाची 50 टक्क्यांची मर्यादा आली कुठून? साताऱ्यात जन्मलेल्या सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांची गोष्ट

मराठा आरक्षणाची चर्चा निघाली की एक आकडा हमखास येतो, 50 टक्के. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला, तेव्हाही हीच मर्यादा आडवी आली होती. गंमत म्हणजे राज्यघटनेत हा आकडा कुठेच लिहिलेला नाही. तो आला 1962 च्या एका निकालातून. आणि तो निकाल लिहिणारे न्यायाधीश साताऱ्यात जन्मले होते. त्यांचं नाव प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

जन्म 16 मार्च 1901 चा. घर संस्कृत पंडितांचं. धारवाडचं कर्नाटक कॉलेज, मग पुण्यात डेक्कन कॉलेज आणि लॉ कॉलेज असं शिक्षण झालं आणि त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. 1945 मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. पुढे सुप्रीम कोर्टात गेल्यावर कामगार कायद्यावरच्या निकालांमुळे त्यांचं नाव देशभर झालं.

आता 1962 कडे येऊ. तेव्हाच्या म्हैसूर सरकारने मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या 68 टक्के जागा राखीव ठेवल्या होत्या. बालाजी नावाच्या विद्यार्थ्यासह काही जण थेट सुप्रीम कोर्टात गेले. पाच न्यायाधीशांच्या वतीने गजेंद्रगडकरांनी निकाल लिहिला. मागासलेपण ठरवताना जात पाहता येईल, पण फक्त जात पाहून चालणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. आणि राखीव जागा साधारणपणे निम्म्यांपेक्षा कमी असाव्यात, हेही त्यातच होतं.

मग 50 च का? निकालात त्यासाठी कुठलीही आकडेवारी नव्हती. तो समतोलाचा अंदाज होता, आणि यावर आजही टीका होते. पण 1992 च्या मंडल निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने अपवादाची वाट ठेवून हीच मर्यादा नियम म्हणून पक्की केली. साठ वर्षांपूर्वीचा तो आकडा आजच्या राजकारणात आहे तो असा.

1 फेब्रुवारी 1964 ला गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले आणि दोन महिनेही झाले नसतील तोच मोठा पेच समोर आला.

झालं असं की, गोरखपूरच्या केशव सिंह नावाच्या कार्यकर्त्याने एका आमदारावर आरोप करणारं पत्रक काढलं. उत्तर प्रदेश विधानसभेने हा हक्कभंग मानून त्याला सात दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली. हायकोर्टाच्या लखनौ पीठातल्या दोन न्यायाधीशांनी त्याला जामीन दिला. यावर विधानसभा इतकी चिडली की तिने केशव सिंह, त्याचा वकील आणि ते दोन न्यायाधीश अशा चौघांनाही ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करण्याचा ठराव केला!

मग त्या न्यायाधीशांनाच आपल्या हायकोर्टात दाद मागावी लागली. 28 न्यायाधीश एकत्र बसले आणि त्यांनी ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. कोर्ट मोठं की विधानसभा, असा सरळ सामना उभा राहिला. शेवटी राष्ट्रपतींनी सुप्रीम कोर्टाचं मत मागवलं.

30 सप्टेंबर 1964 ला मत आलं. सातपैकी सहा न्यायाधीशांच्या वतीने गजेंद्रगडकरांनी सांगितलं की, आपल्याकडे विधानसभाही सर्वश्रेष्ठ नाही आणि संसदही नाही, सर्वश्रेष्ठ आहे ती राज्यघटना. सभागृहाने एखाद्या नागरिकाला तुरुंगात टाकलं, तर तो कोर्टात दाद मागू शकतो. आणि अशी दाद ऐकली म्हणून न्यायाधीशांवर कारवाई करता येत नाही.

पुढे केशव सिंह स्वतः हायकोर्टात हरला, त्याची शिक्षा योग्य ठरली. पण सभागृहाविरुद्ध कोर्टात जाण्याची वाट नागरिकांसाठी मोकळी राहिली.

बरोबर एक महिन्याने, 30 ऑक्टोबरला, याच गजेंद्रगडकरांनी दुसऱ्या टोकाचा वाटावा असा निकाल दिला. सज्जन सिंह खटल्यात प्रश्न होता, घटनादुरुस्ती करून संसद मूलभूत हक्कांना कात्री लावू शकते का? जमीन सुधारणांचे कायदे वाचवण्यासाठी सरकारने 17 वी घटनादुरुस्ती केली होती. गजेंद्रगडकर म्हणाले, संसदेला तो अधिकार आहे. त्याच पीठावरच्या मुधोळकर आणि हिदायतुल्ला या न्यायाधीशांनी मात्र शंका नोंदवली. घटनेच्या मूळ वैशिष्ट्यांनाच हात लावणं ही दुरुस्ती म्हणायची का, हा मुधोळकरांचा प्रश्न होता.

तोच प्रश्न 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात निर्णायक ठरला. संसद घटना बदलू शकते, पण तिचा मूलभूत ढाचा मोडू शकत नाही, असं 13 न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी ठरवलं. सरकारला आणि विधानसभेला मर्यादा घालणाऱ्या गजेंद्रगडकरांनी संसदेला घातली नव्हती, ती मर्यादा नंतरच्या न्यायाधीशांनी घातली.

मार्च 1966 मध्ये ते निवृत्त झाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1971 पासून विधी आयोगाचे अध्यक्ष. 1974 मध्ये आयोगाने हिंदू विवाह कायद्यावर अहवाल दिला. 1976 मध्ये हा कायदा बदलला आणि परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद त्यात आली. 12 जून 1981 ला गजेंद्रगडकरांचं निधन झालं.

आज 50 टक्क्यांची मर्यादा ओलांडायची मागणी होते, तेव्हा वाद त्यांच्या 1962 च्या निकालाशी असतो. आणि ही मागणी घेऊन लोक ज्या कोर्टाचं दार ठोठावतात, ते दार सभागृहाला बंद करता येत नाही, हेही त्यांनीच 1964 मध्ये सांगून ठेवलं आहे.