कै. राम गणेश गडकरी व त्यांची सिंधू

नाटककार कै. राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारी येथे झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. पुढे पुण्यास शिक्षण व किर्लोस्कर नाटक मंडळीचा सहवास घडला. २३ जानेवारी १९१९ रोजी, आपल्या विदर्भातील सावनेर येथे, क्षयाने त्यांचे देहावसान झाले. ‘एकच प्याला’ त्यानंतर रंगभूमीवर आले. बालगंधर्वांची सिंधू त्यांस पाहावयास मिळाली नाही.

या नाटकातील सुधाकरास दारूडा म्हणून आपण चटकन निकालात काढतो. परंतु गडकऱ्यांनी तो बुद्धिमान व मानी वकील रंगविला आहे. न्यायालयात अपमान होऊन त्याची सनद काही काळ जाते, आणि तळीराम पेला पुढे करतो तो नेमका त्या दुखऱ्या घटकेस. (चिखल्यासारख्या खाणीच्या गावी तळीराम कोणास अनोळखी नाही!) पुढे तो दारू सोडतो, पण कामासाठी हिंडताना अवहेलनाच वाट्यास येते, आणि शपथ मोडते.

सिंधूस देवता म्हणणे सोपे आहे. श्रीमंत माहेर असता ती दळणे दळते, मरताना पतीचा अपराध लपविते. तान्हे मूल पदरी असूनही ती माहेरी का गेली नाही, असे आमच्या वर्गातील मुली विचारीत, व उत्तर देताना आम्ही अडखळत असू.