अमेरिकेकडून बाबासाहेब काय शिकले? चाळीसगावच्या टांग्यापासून घटनेच्या कलमापर्यंत

धरणगाव : माणूस शिकला, राबला, नीट वागला तर त्याची जात किंवा रंग आड येत नाही, असे म्हणणारे अमेरिकेत आहेत तसे आपल्याकडेही आहेत. व्यवस्थाच आडवी आली तर एकट्याने काय करायचे, असा दुसऱ्या बाजूचा सवाल असतो. हा वाद नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत जवळून पाहिला आणि खान्देशात स्वतःच्या अंगावर झेलला. त्यातून त्यांनी काय उत्तर काढले, ते समजून घेऊ.

न्यूयॉर्कची तीन वर्षे

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१२ मध्ये मुंबईत बी.ए. झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्राला सेलिगमन आणि तत्त्वज्ञानाला जॉन ड्युई यांच्यासारखे प्राध्यापक होते. १९१५ मध्ये त्यांना एम.ए. मिळाली.

विद्यापीठाच्या शेजारी हार्लेम. दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे तेव्हा तिथे स्थिरावत होती. गुलामगिरी कायद्याने संपून पन्नास वर्षे होत आली होती. तरीही दक्षिणेत रेल्वेचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या. १९१३ मध्येच अध्यक्ष झालेल्या वुड्रो विल्सन यांच्या काळात तर केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतही काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसवण्याची पद्धत वाढली.

महाराष्ट्राला हा विषय अनोळखी नव्हता. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते. मुक्तीनंतर पुढे काय झाले, हे आंबेडकरांना तिथे राहून पाहता आले.

जात म्हणजे वंश का?

त्या काळी अनेक युरोपीय अभ्यासक जातिभेदाचे मूळ वंशात शोधत. वरच्या जाती एका वंशाच्या, खालच्या दुसऱ्या, असा तो सिद्धांत. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे, असे त्यांनी मांडले. १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये आणि १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथातही त्यांनी वंशाचा सिद्धांत नाकारला.

याचा अर्थ सरळ होता. उच्चनीचता रक्तात नसेल, तर ती माणसांनी केलेली आहे; आणि माणसांनी केलेले माणसांना मोडता येते.

स्वतःची जबाबदारी कुठपर्यंत?

गुलामीत जन्मलेले बुकर टी. वॉशिंग्टन हे कृष्णवर्णीयांचे तेव्हाचे सर्वांत मोठे नेते. आधी हुन्नर शिका, पोटापाण्याचे बघा, राजकीय हक्क हळूहळू मिळतील, असा त्यांचा मार्ग. त्यासाठी त्यांनी अलाबामात टस्कीगी संस्था उभारली. हक्कच नसतील तर कमावलेले टिकणार नाही, असा डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा आक्षेप होता. वॉशिंग्टन नोव्हेंबर १९१५ मध्ये वारले, तेव्हा आंबेडकर न्यूयॉर्कमध्येच होते. वॉशिंग्टन यांचे चरित्र आणि अमेरिकन घटनेची १४ वी दुरुस्ती, या दोन गोष्टींचा त्यांच्या मनावर ठसा उमटल्याचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे.

स्वावलंबनाचा आग्रह आंबेडकरांनी आयुष्यभर धरला. मार्च १९२७ मध्ये महाडला त्यांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडा, मुलांना शिकवा, असे बजावले. पण त्याच परिषदेनंतर ते लोकांना घेऊन चवदार तळ्यावर पाणी प्यायलाही गेले. एका गोष्टीसाठी दुसरी थांबवून ठेवणे त्यांना मान्य नव्हते.

का, याचे उत्तर खान्देशात मिळते. १९२९ मध्ये मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला ते पूर्व आणि पश्चिम खान्देशात आले. धरणगाव, चाळीसगाव तेव्हा पूर्व खान्देशात होते. ऑक्टोबरमध्ये धुळे लाइनवरच्या एका गावातील सामाजिक बहिष्काराची माहिती घेऊन ते चाळीसगावला परतले. स्टेशनपासून महारवाडा दोन मैल. स्टेशनवर टांगे होते, पण अस्पृश्य माणसाला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. तासाभराने तडजोड निघाली : टांगा भाड्याने देऊ, हाकणार नाही. मग वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या छोट्या पुलावर चाक कडेच्या दगडाला आदळले. आंबेडकर दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत कोसळला. त्यांचा पाय मोडला.

तेव्हा ते बॅरिस्टर होते. लंडन आणि कोलंबिया या दोन्ही विद्यापीठांची डॉक्टरेट त्यांच्याकडे होती. शिकून, राबून माणूस जे मिळवू शकतो ते सारे त्यांनी मिळवले होते, तरी टांगेवाला स्वतःला त्यांच्याहून वरचा समजत होता. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हा प्रसंग लिहिला. पाहुण्याचा मान राखण्यासाठी धोका पत्करणाऱ्या वस्तीतल्या लोकांना त्यांनी दोष दिला नाही. टांगेवाल्याच्या मनातील श्रेष्ठत्वावर बोट ठेवले.

राजकारणाचा धडा

अमेरिकेत १८७० च्या १५ व्या दुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क मिळाला. १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राच्या फौजांचा पहारा उठला. त्यानंतर मतदानावर कर, साक्षरतेची परीक्षा आणि दहशत यांच्या जोरावर तो हक्क हिरावला गेला. काँग्रेस व गांधीजींवरील १९४५ च्या पुस्तकात आंबेडकरांनी लिंकन यांचीही चिकित्सा केली. गुलामांच्या मुक्तीपेक्षा देश एकसंध ठेवणे लिंकन यांना मोठे वाटत होते, असे त्यांनी दाखवले.

दुसऱ्याच्या सदिच्छेवर मिळालेला हक्क ती सदिच्छा आटली की जातो, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणून गोलमेज परिषदेत त्यांनी कायदेमंडळात वेगळे प्रतिनिधित्व मागितले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले, पण प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या.

जुलै १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागत होते. त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांनाही तसे करता येईल का, याचा विचार ते करत होते. ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्यात सहानुभूतीचे उत्तर पाठवले.

घटनेत काय उतरले?

१९४७ मध्ये घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात आंबेडकरांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला. यातील १८७५ चा कायदा खाणावळी, नाट्यगृहे, वाहने यांत भेदभावाला मनाई करणारा होता. १८८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. १४ वी दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी माणसाला नाही, असे कारण दिले.

चाळीसगावचा टांगेवाला सरकारी नोकर नव्हता. केवळ सरकारला बांधणारा कायदा त्याच्यापर्यंत पोहोचलाच नसता.

भारताच्या घटनेने ही फट बुजवली. कलम १५ (२) दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते यांच्या वापरात जात, धर्म, वंश यांवरून आडकाठी करू देत नाही. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीने अस्पृश्यताबंदीचे कलम मंजूर केले, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष आंबेडकर होते. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने सार्वजनिक वाहन नाकारणे हाही गुन्हा ठरला. अमेरिकेला खासगी हॉटेले व खाणावळींतील भेदभावावर देशभर बंदी घालायला १९६४ उजाडले.

जून १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. शिकणे, संघटित होणे ही जबाबदारी त्यांनी आपल्या लोकांवरच टाकली. मात्र शिकलेल्या माणसाला टांग्यात जागा देण्याची जबाबदारी त्यांनी टांगेवाल्यावर आणि कायद्यावर ठेवली. वैयक्तिक जबाबदारीचा वाद आजही निघतो, तेव्हा यातला दुसरा भाग बहुतेक वेळा गाळला जातो.