डॉ. ह्यू यंग : तान्ह्या बाळांची वाट मोकळी करणारा डॉक्टर

शाळेच्या प्रथमोपचार पेटीत पूर्वी लाल औषध असायचंच. गुडघा फुटला की लावा! ते मर्क्युरोक्रोम जखमेसाठी वापरात आणलं डॉ. ह्यू हॅम्प्टन यंग यांनी. पण मुलांवर त्यांचे याहून मोठे उपकार आहेत.

यंग यांचा जन्म १८७० मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात झाला. व्हर्जिनिया विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. १८९७ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांच्यावर मूत्ररोग विभाग सोपवण्यात आला. हा विषय तेव्हा त्यांना नवा होता. त्यांनी तो शिकून घेतला, नवी उपकरणं तयार केली आणि १९१७ मध्ये या विषयाचं नियतकालिकही सुरू केलं.

१९१९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक जन्मजात दोष नीट मांडला. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतःच पातळ पडदे असतात. लघवी अडते. मूत्राशय जोर लावून लावून जाड होतं, लघवी मागे तुंबते आणि मूत्रपिंडं खराब होऊ लागतात. पूर्वी हे पडदे बहुधा शवविच्छेदनातच दिसायचे. यंग यांनी जिवंत रुग्णात ते दुर्बिणीने पाहिले, त्यांचे तीन प्रकार सांगितले आणि ते काढण्याची शस्त्रक्रियाही केली. १९४५ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज आईच्या पोटात असतानाच सोनोग्राफीत बाळाचं फुगलेलं मूत्राशय दिसू शकतं. जन्मानंतर आधी बारीक नळी घालून लघवी मोकळी करतात. मग बारीक दुर्बिणीतून पडदा कापतात. बाळ फारच लहान असेल, तर काही काळ पोटावरून लघवीला वाट करून देतात. मात्र ऑपरेशन झालं म्हणजे संपलं असं नाही. मूत्रपिंडांची तपासणी पुढे अनेक वर्षं करावी लागते.

पालकांनो, बाळाची लघवी थेंबथेंब होते का, धार बारीक आहे का, करताना ते कण्हतं का, ओटीपोट फुगलंय का, वारंवार ताप येतो का, हे पाहा. मोठं झाल्यावर होईल बरं, असं म्हणत थांबू नका. जावळीच्या दूरच्या वाडीवरून मेढ्याला यायचं, तिथून साताऱ्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, हे खरं. पण मूत्रपिंड एकदा खराब झालं की ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. आणि बाळाला बोलता येत नाही. धार आपल्यालाच पाहावी लागते.