मीराबेन : थोडक्या गरजांचे आयुष्य



आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला जाऊन आले असतील. शाळेची सहल तिथे हमखास जाते. बापू कुटीत शिरल्यावर मातीच्या भिंतीवर उठावाची ताडाची झाडे आणि चरखा दिसतो. ही नक्षी कुणी केली, हे मात्र सहलीच्या गर्दीत विचारायचे राहून जाते. ती केली आहे इंग्लंडच्या एका आरमारी अधिकाऱ्याच्या मुलीने. तिचे मूळ नाव मॅडलिन स्लेड. आपण तिला मीराबेन म्हणून ओळखतो.

परक्या देशात, आपल्या विदर्भाच्या उन्हात, थोडक्या पैशांत समाधानाने कसे राहावे, हे या बाईंच्या जीवनातून शिकण्यासारखे आहे. त्यात काय घेण्यासारखे आहे आणि कुठे सावध राहावे, दोन्ही पाहू.

मॅडलिन यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील एडमंड स्लेड नौदलात मोठ्या हुद्द्यावर होते. आजोळी शेतीवाडी, घोडे, नोकरचाकर अशी सुबत्ता होती. मुलगी जरा एकलकोंडी होती. तिला झाडे, जनावरे आणि संगीत यांची ओढ. बेथोव्हेन या जर्मन संगीतकाराच्या रचना ऐकल्या आणि ती त्या संगीतात बुडून गेली.

पुष्कळांना ठाऊक नसेल, पण मॅडलिन दोनदा भारतात आल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. वडिलांची नेमणूक मुंबईला ब्रिटिश आरमाराचे प्रमुख म्हणून झाली होती. मोठा बंगला, मेजवान्या, हाताखाली नोकर. सुमारे दोन वर्षे त्या मुंबईत राहिल्या, पण या देशाची आणि त्यांची ओळख झालीच नाही. सगळे काही विकत मिळत होते, त्यामुळे शेजाऱ्याची गरज पडली नाही. गरज नाही तिथे ओळख कशी होणार?

पुढे बेथोव्हेनच्या ओढीनेच त्या फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांना भेटायला स्वित्झर्लंडला गेल्या. रोलाँ तेव्हा गांधीजींवर पुस्तक लिहीत होते. त्यांनी गांधीजींचे वर्णन करताना प्रभू ख्रिस्ताशी तुलना केली. १९२४ साली ते पुस्तक मॅडलिन यांच्या हाती पडले आणि आपल्याला कुठे जायचे आहे ते त्यांना उमगले. त्यांनी लगेच बोटीचे तिकीट काढले. मग विचार केला, की आपली अजून तयारी नाही. तिकीट पुढे ढकलून त्यांनी एक वर्ष स्वतःला शिकवण्यात घालवले. सूत कातणे, विणणे, मांडी घालून बसणे, जमिनीवर झोपणे, शाकाहार, थोडी हिंदुस्थानी भाषा. उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये शेतकऱ्यांबरोबर शेतावर राबल्या. गांधीजींचा २१ दिवसांचा उपवास सुखरूप पार पडला, तेव्हा त्यांनी २० पौंड पाठवून दिले.

या एका वर्षाकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छितो. साधेपणा अंगवळणी पडायला वेळ लागतो. उत्साहाच्या भरात सगळे सोडून देणारे पुष्कळ असतात, पण चार महिन्यांत ते परत फिरतात. उपवासकाळ सुरू होताना आपण जे संकल्प करतो, त्यांचे काय होते हे आपल्याला ठाऊक आहेच!

७ नोव्हेंबर १९२५ रोजी मॅडलिन साबरमती आश्रमात पोहोचल्या. गांधीजींनी त्यांना मुलगी मानले आणि मीरा हे नाव दिले. वयाच्या ३३व्या वर्षी त्या संडास साफ करायला, पिंजायला आणि कातायला लागल्या. पुढे केस कापले, पांढरी खादी नेसल्या, ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. १९३१ साली गोलमेज परिषदेच्या वेळी त्या गांधीजींबरोबर लंडनला गेल्या. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवासही सोसला.

नंतर गांधीजी वर्ध्याला आले. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी, गूळ, हातसडीचा तांदूळ, हिरव्या पालेभाज्या यांवर काम सुरू झाले. आपल्या धानाच्या भागात हातसडीच्या तांदळाचे महत्त्व निराळे सांगायला नको. गरिबाच्या ताटात कमी खर्चात जास्त कस कसा आणायचा, हा तिथला प्रश्न होता.

मीराबेन मात्र मगनवाडीत थांबल्या नाहीत. आधी जवळच्या सिंदी गावात त्यांनी सफाईचे काम केले. नंतर वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवर असलेल्या शेगावात त्या राहायला गेल्या. जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीचे हे गाव. तिथे धड रस्ता नव्हता, डाकघर नव्हते. त्यांच्या पाठोपाठ एप्रिल १९३६ च्या अखेरीस गांधीजीही शेगावात आले. याच शेगावाचे नाव १९४० साली सेवाग्राम झाले.

तिथे घर बांधायचे ठरले, तेव्हा गांधीजींची अट होती की १०० रुपयांच्या वर खर्च नको आणि सामान आसपासचेच हवे. माती, बांबू, कवेलू आणि गावातले कारागीर. खर्च १०० रुपयांत काही आटोपला नाही, तो बराच वाढला. ज्यांनी घर बांधले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. पण सामानाची अट पाळली गेली. आज ज्याला आपण बापू कुटी म्हणतो, ती झोपडी मुळात मीराबेन यांच्यासाठी होती. पहिल्या घरात गर्दी झाली, तेव्हा गांधीजी तिथे राहायला आले.

जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, भोवती खाली उतरलेल्या पडव्या, शेणाने सारवलेली जमीन. बाहेर विदर्भाचे ऊन तापत असताना आत जीवाला थंडावा मिळतो. यात मीराबेन यांनी नवे काही शोधून काढले नाही. आपल्या आजी-आजोबांना हे सगळे येत होते. मीराबेन ते त्यांच्यासारख्याच माणसांकडून शिकल्या आणि वर आपल्या हाताची नक्षी काढली. घर स्वस्त असले म्हणून ते कुरूप असावे असे त्यांना वाटले नाही. गरिबाच्या घरीही दारात रांगोळी असते, तशीच ती ताडाची झाडे.

आता सावध राहण्याच्या गोष्टी. त्याच वर्षी, १९३६ साली, शेगावात तापाने गाठले. गांधीजींना मलेरिया झाला आणि त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात हलवावे लागले. मीराबेन यांना टायफॉइड झाला. तेव्हा गांधीजींनी स्वतः त्यांची शुश्रूषा केली. साधेपणा म्हणजे मच्छरदाणीशिवाय झोपणे किंवा अशुद्ध पाणी पिणे नव्हे. डास आणि घाण पाणी हे साधूला ओळखत नाहीत. कमी पैशांत राहायचे असेल तर उकळलेले पाणी, झाकलेला माठ, कोरडे अंगण आणि वेळेवर औषध यांत काटकसर चालत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मीराबेन यांनी गरिबी निवडली होती. शेगावच्या दलित वस्तीतल्या बाईने ती निवडली नव्हती. मीराबेन मनात आणतील त्या दिवशी बोटीने परत जाऊ शकत होत्या. त्या बाईला जायला दुसरी जागा नव्हती. निवडलेली गरिबी हे व्रत असते, लादलेली गरिबी हा अन्याय असतो. दोन्हींची झोपडी बाहेरून सारखीच दिसते, म्हणून आपली फसगत होते. धर्मगुरूने व्यासपीठावरून मजुरी बुडालेल्या माणसाला साधेपणाचे धडे देऊ नयेत. त्याला आधी त्याची मजुरी मिळाली पाहिजे. मीराबेन यांना हा फरक कळत असावा, असे त्यांच्या कामावरून वाटते. त्या गावात राहिल्या ते गावाची सफाई आणि गावाचा धंदा सुधारावा म्हणून.

तिसरी गोष्ट त्यांच्या मनाची. १९४२ ते १९४४ त्या गांधीजींबरोबर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होत्या. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा तिथेच वारले. सुटकेनंतर मीराबेन हिमालयाच्या पायथ्याशी गेल्या. ऋषिकेशजवळ पशुलोक आणि पुढे डोंगरात गोपाल आश्रम त्यांनी उभारला. डोंगरावरची बांजाची झाडे जाऊन चीड वाढत आहे आणि त्यामुळे पूर येतात, असा इशारा त्यांनी तेव्हाच दिला. पण १९४८ साली गांधीजी गेले होते. ज्या माणसासाठी घर सोडले, तो माणूस उरला नव्हता. जानेवारी १९५९ मध्ये मीराबेन यांनी भारत सोडला. इंग्लंडहून त्या ऑस्ट्रियाला गेल्या आणि बेथोव्हेन जिथे हिंडला त्या व्हिएन्नाजवळच्या रानात राहू लागल्या. तीस-पस्तीस वर्षे बाजूला ठेवलेले संगीत त्यांनी पुन्हा जवळ केले. आयुष्याच्या शेवटी भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. २० जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

काही जण म्हणतात की शेवटी त्या परत गेल्या, म्हणजे हरल्या. मला तसे वाटत नाही. एक मात्र खरे, की माणूस भाकरी, खादी आणि मातीच्या घरावर सुखाने राहू शकतो, पण माणसांवाचून राहू शकत नाही. मुंबईच्या बंगल्यात सगळे होते, माणसे नव्हती. शेगावच्या झोपडीत काही नव्हते, पण तापात कपाळावर थंड पाण्याची पट्टी ठेवणारा हात होता. तिथे त्या भरून पावल्या. तो आधार गेल्यावर हिमालयाचे सौंदर्यही पुरेसे झाले नाही.

आपल्या सौंदडमध्येही बाहेरून आलेली माणसे आहेत. कुणी नोकरीसाठी, कुणी महामार्गाच्या कामावर, कुणी लग्न होऊन. आपली मुलेही नागपूर, पुणे, आणखी दूर परक्या गावी भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांचा महिना कसा भागतो याची आपल्याला काळजी असते. ते कमी पैशांत भागवतील. पण आजारी पडल्यावर त्यांच्या दारी कुणी येते का, हे फोनवर जरूर विचारा. आणि आपल्या गल्लीत कुणी बाहेरचा एकटा राहत असेल, तर या रविवारी मिस्सानंतर त्याच्या दारी जाऊन या. जाताना काही नेले नाही तरी चालेल. माठात पाणी कसे गार राहते, बाजार कुठल्या वारी भरतो, डॉक्टर कुठे बसतात, एवढे सांगितले तरी पुरे.

प्रभू आपणां सर्वांना थोडक्यात समाधान आणि भरपूर शेजार देवो.

आपला,
धर्मगुरू