दगडांतून रत्ने पारखणारे जॉर्ज कुंझ

अमेरिकेच्या भूमीत मोलाची रत्ने नाहीत, असा एकोणिसाव्या शतकात तेथील जवाहिऱ्यांचा सर्वसाधारण समज होता. हिरे दक्षिण आफ्रिकेचे, माणके ब्रह्मदेशाची, पाचू कोलंबियाचे, असे त्यांचे गणित ठरलेले असे. हा समज दूर करण्यात जॉर्ज फ्रेडरिक कुंझ यांचा मोठा वाटा आहे.

कुंझ यांचा जन्म २९ सप्टेंबर १८५६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. दगड गोळा करण्याचा छंद त्यांना बालपणीच जडला. शेजारच्या न्यू जर्सीत बर्गन हिल येथील रेल्वे बोगद्याच्या खोदकामात काळ्या कातळाच्या पोकळ्यांतून झिओलाइटचे स्फटिक बाहेर पडत. ते त्यांनी जमवले. (आपल्या बोरघाटातही लोहमार्गासाठी कातळ फोडताना असेच स्फटिक मिळाले होते.) सुमारे ४,००० नमुन्यांचा हा संग्रह त्यांनी तरुणपणीच मिनेसोटा विद्यापीठाला ४०० डॉलरना विकला. महाविद्यालयीन पदवी मात्र त्यांनी घेतली नाही. त्यांचे शिक्षण खाणी, पुस्तके आणि पत्रव्यवहार यांतूनच झाले.

मेन राज्यातील हिरव्या टूर्मलीनचा एक खडा घेऊन ते टिफनी या विख्यात पेढीत गेले. पेढीने तो विकत घेतला आणि १८७९ मध्ये कुंझ यांनाही रत्नतज्ज्ञ म्हणून नेमले. पुढे ते तेथे उपाध्यक्ष झाले.

मोंटाना राज्यातील प्रसंग विशेष बोलका आहे. योगो परिसरात सोन्यासाठी वाळू धुणाऱ्यांना निळे खडे सापडत. त्यांना त्यांची किंमत ठाऊक नव्हती. १८९५ मध्ये त्यांतील काही खडे सिगारच्या पेटीतून टिफनीकडे आले आणि ते उत्तम प्रतीचे नीलम असल्याचे कुंझ यांनी ओळखले.

१९०२ मध्ये कॅलिफोर्नियातील पाला येथे मिळालेल्या गुलाबी-जांभळ्या स्पोड्युमीनला पुढील वर्षी कुंझाइट हे नाव मिळाले. हे रत्न दोन दिशांनी सहज दुभंगते, त्यामुळे पैलू पाडणाऱ्याची परीक्षाच होते. शिवाय प्रखर उजेडात त्याचा रंग फिका पडतो. मादागास्करच्या गुलाबी बेरिलला कुंझ यांनी १९१० मध्ये मॉर्गनाइट हे नाव सुचवले. संग्रहालयाला रत्नसंग्रह मिळवून देणाऱ्या धनाढ्य जे. पी. मॉर्गन यांचा तो गौरव होता. त्यात आश्रयदात्याची मर्जी राखण्याचाही भाग होता, असे म्हणणे वावगे ठरू नये.

शहरागणिक बदलणाऱ्या कॅरेटऐवजी २०० मिलिग्रॅमचा एकच कॅरेट असावा, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेत तो १९१३ मध्ये रूढ झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या रत्नविषयक आख्यायिकांवरील ग्रंथात त्यांनी सौरींद्रमोहन टागोर यांच्या ‘मणिमाला’चाही आधार घेतला.

२९ जून १९३२ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा रत्नविषयक ग्रंथसंग्रह अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला अवघ्या एका डॉलरला देण्यात आला.